पावसाच्या पाण्याच्या लाईनवर ऑइल सेपरेटर निवडणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ड्रेनेजचं डिझाइन करणारे इंजिनिअर, ते मंजूर करणारे अधिकारी आणि खरेदीच्या कागदावर सही करणारे सगळे

नमस्कार मंडळी,

मी डिझाइन करत नाही, मी सेपरेटर उघडतो, म्हणजे पावसाच्या पाण्यातलं तेल अडवायला जमिनीत बसवलेली टाकी. म्हणजे सक्शन गाडीबरोबर जायचं, जमिनीतल्या टाकीचं झाकण काढायचं, आत किती तेल साचलंय आणि तळाला किती गाळ बसलाय ते काठीने मोजायचं, उपसायचं, फिल्टर धुवायचा, परत स्वच्छ पाणी भरायचं आणि झाकण लावायचं, हेच काम इतकी वर्षं केलंय की झाकण जरा सरकवलं तरी वासावरून अंदाज येतो आत काय चाललंय. तुम्ही जे कागदावर निवडता ते आम्हाला जमिनीत भेटतं. काही बिघडलं की सगळे मेंटेनन्सवाल्याकडे बोट दाखवतात, आणि कधी कधी ते खरंही असतं, पण मी अशा कितीतरी टाक्या उघडल्यात ज्या बसवल्या त्याच दिवशी चुकल्या होत्या, मग त्यांची कितीही निगा राखा काही उपयोग नाही. त्याबद्दल मनापासून काही सांगायचंय म्हणून हे पत्र.

आधी एक प्रसंग. गाड्यांचा एक मोठा डेपो, नवाकोरा सेपरेटर, बसवून वर्षही झालं नव्हतं. कागद एकदम पक्के, सर्टिफिकेट आहे, क्लास एकचा, म्हणजे कडक दर्जाचा आहे, साइज बरोबर आहे. तक्रार अशी की खालच्या ओढ्यावर तवंग येतोय. आम्हाला वाटलं टाकी तेलाने काठोकाठ भरली असेल, तशा तयारीने गेलो. झाकण काढलं तर वर तेलाचा थरच नाही. काठीला पेस्ट लावून सोडली, पाणी लागलं की रंग बदलते ती पेस्ट, म्हणजे तेल कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते दिसतं. पेस्टचा रंग अगदी वरपासून बदललेला, तेल बोटभरसुद्धा नाही. पण पाणी? पाणी दुधाळ राखाडी, ताकासारखं, आणि झाकणातून साबणाचा वास. बाजूला बघितलं तर गाड्या धुवायचा रॅम्प, त्याची जाळी सरळ पावसाच्या लाईनला जोडलेली. प्रेशरचा पाईप, डिग्रीझर म्हणजे तेलकटपणा काढायचं केमिकल, फेस, सगळं त्या टाकीतून जात होतं आणि जसं येत होतं तसंच ओढ्यात उतरत होतं. टाकीत काहीच बिघाड नव्हता. तिला जे काम दिलं होतं ते कुठलाच सेपरेटर करू शकत नाही.

हे का होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निवडीचं सगळं गणित इथेच आहे. सेपरेटर म्हणजे काही मशीन नाही, ती पाण्याला थांबायला दिलेली जागा आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, थांबायला वेळ मिळाला की ते वर येतं, आपण खालून पाणी काढून घेतो, बस. पण वर यायला किती वेळ लागतो ते थेंबाच्या आकारावर आहे, आणि साधंसुधं नाही, आकाराच्या वर्गावर, म्हणजे स्क्वेअरवर आहे. थेंब किती वेगाने चढतो ते सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशोब केला तर ०.८५ घनतेच्या तेलाचा १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साध्या तापमानाच्या स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण १.८ मिलिमीटर वर चढतो, म्हणजे एक मीटर चढायला नऊ-दहा मिनिटं. तोच थेंब १५ मायक्रॉनचा असेल, दहापट लहान, तर वेग शंभरपट कमी, आणि तोच एक मीटर चढायला पंधरा तास. पाणी त्या टाकीत पंधरा तास थांबतं का? मिनिटांत बाहेर पडतं. साबण आणि डिग्रीझर नेमकं हेच करतात, तेलाचे इतके बारीक थेंब करतात आणि प्रत्येकाभोवती असं कवच घालतात की ते परत एकत्र येतच नाहीत. म्हणून धुण्याचं पाणी पावसाच्या लाईनवरच्या सेपरेटरला जोडायचं नाही. ते वेगळं गोळा करून परत वापरा, नाहीतर परवानगी घेऊन सांडपाण्याच्या लाईनला द्या, जिथे पुढे पाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. आग विझवायच्या फेसाचंही तसंच, आग लागली की तो फेस आणि पाणी सेपरेटर अडवणार नाही, म्हणून धोक्याच्या जागी पुढे बंद करायचा व्हॉल्व्ह पाहिजे आणि तो कुठे आहे हे तिथल्या वॉचमनलासुद्धा माहीत पाहिजे.

पंपाचं पण याच हिशोबात धरा. जागा खोलात आहे म्हणून काही जण पाणी आधी पंपाने उचलतात आणि मग सेपरेटरमध्ये सोडतात. पंपाचा पंखा तेल घुसळून टाकतो, मोठे थेंब गेले, बारीक थेंब झाले. आधी सेपरेटर, मग पंप. ड्रॉइंगवर दोन चौकोनांची अदलाबदल एवढंच काम आहे, पण जमिनीत बसल्यावर ते कुणी बदलत नाही.

आता मुख्य मुद्दा. निवड करताना तुमच्यासमोर किती चौरस मीटर आणि पाईप किती इंची एवढंच असतं, आणि मग कॅटलॉग उघडतो. मला वाटतं त्याच्या आधी एक प्रश्न पाहिजे, तो म्हणजे इथे तेल कसं येणार. रोज थेंब थेंब गळणार, की एखाद्या दिवशी एकदम शेकडो लिटर सांडणार? सगळा फरक इथे आहे, कारण बाजारात जे मुख्य प्रकार आहेत, बायपास, फुल रिटेन्शन आणि पेट्रोल पंपासाठीचा फोरकोर्ट सेपरेटर, ते या एका प्रश्नाची तीन उत्तरं आहेत.

फुल रिटेन्शन म्हणजे लाईनमधून येणारं सगळं पाणी त्यातूनच जाणार, पाऊस कितीही येवो. बायपास म्हणजे ठराविक प्रवाहापर्यंत पाणी आतून जाणार, त्याच्या वरचं पाणी बाजूच्या वाटेने न थांबता पुढे. ऐकायला ही पळवाट वाटते पण तशी नाही, विचार असा आहे की पार्किंगवर आणि रस्त्यावर गाड्यांखाली थोडं थोडं तेल साचतं आणि पावसाचा पहिला सपाटा ते धुवून आणतो, तो सपाटा पकडला की पुढचं पाणी तसं स्वच्छच असतं. साध्या पार्किंगला हा विचार बरोबर आहे, टाकी लहान होते, पैसे वाचतात, माझी काहीच हरकत नाही. पण हाच बायपास जेव्हा मी डिझेल भरायच्या जागी, ट्रकच्या यार्डात, जिथे पिंपं चढवतात उतरवतात तिथे बघतो तेव्हा जीव वर-खाली होतो.

आकड्यांतच बघू. हे आकडे ब्रिटनच्या पर्यावरण खात्यांनी एप्रिल २००६ मध्ये काढलेल्या पीपीजी ३ नावाच्या मार्गदर्शिकेतले आहेत, इंग्लंडमध्ये ती २०१५ च्या शेवटी मागे घेतली गेली तरी तिचे आकडे अजून जगभरच्या कॅटलॉगांत फिरतायत. त्यात फुल रिटेन्शनचा साइज, ज्याला एनएस म्हणतात, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी, तो क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये धरून त्याला ०.०१८ ने गुणून काढायचा, बायपासचा ०.००१८ ने गुणून. म्हणजे दहापट फरक. समजा ५००० चौरस मीटरचं यार्ड आहे. फुल रिटेन्शन घेतला तर एनएस ९०, बायपास घेतला तर ९. तेल साठवायची जागा फुल रिटेन्शनमध्ये एनएसच्या १० पट लिटर, म्हणजे ९०० लिटर. बायपासमध्ये १५ पट, पण मूळ आकडाच ९ आहे, म्हणून १३५ लिटर. आता एखाद्या ट्रकची डिझेलची टाकी दगड लागून फुटली आणि तीनशे लिटर जमिनीवर आलं असं धरा. नऊशेच्या पोटात ते मावतं. एकशे पस्तीसच्या पोटात मावत नाही, वरचं पुढे जाणार. आणि त्याच वेळी जोराचा पाऊस चालू असेल, जो असतोच कारण घसरून आपटणं, धडक हे पावसातच जास्त होतं, तर पाण्याबरोबर डिझेलचा एक भाग टाकीत न शिरता बाजूच्या वाटेनेच निघून जाईल. म्हणून जिथे एकदम सांडण्याचा धोका आहे तिथे बायपास नको. फुल रिटेन्शनच घ्या, मग टाकी मोठी होऊ दे.

पेट्रोल पंपाचं तर अजून वेगळं. तिथे टँकर रिकामा करताना पाईप सुटला तर टँकरचा एक अख्खा कप्पा जमिनीवर येऊ शकतो. ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शिकेत फोरकोर्ट सेपरेटरची धारणक्षमता म्हणून ७६०० लिटर धरलंय, कारण तिथल्या टँकरचा एक कप्पा तेवढा असतो असा हिशोब. तुमच्याकडे येणाऱ्या टँकरचा कप्पा किती लिटरचा ते तुम्ही विचारलंय का? त्या ड्रायव्हरला विचारलं तरी तो सांगेल, एका मिनिटाचं काम आहे. आणि पेट्रोल म्हणजे वाफ, वाफ म्हणजे स्फोट, तेव्हा वाफ बाहेर काढायचे पाईप पाहिजेत, आतला सेन्सर स्फोटक जागेसाठी मान्य असलेला पाहिजे, इथे काटकसर करू नका.

वर जे दोन गुणक दिले त्यांच्याबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली, ती सांगतोच. ०.०१८ म्हणजे तासाला ६५ मिलिमीटर पाऊस धरलाय, आणि ०.००१८ म्हणजे तासाला ६.५ मिलिमीटर. हा ब्रिटनच्या पावसाचा हिशोब आहे, तिथे तासाला साडेसहाच्या आत बहुतेक सगळा पाऊस बसतो. जिथे ढगफुटीसारखा पाऊस येतो, जिथे अर्ध्या तासात रस्त्याची नदी होते, तिथे हेच गुणक जसेच्या तसे उचलले तर बायपासची वाट क्वचित उघडायच्या ऐवजी प्रत्येक चांगल्या पावसात उघडणार, आणि फुल रिटेन्शनवाल्या टाकीतून पाणी इतक्या जोरात जाणार की साचलेलं तेलसुद्धा ढवळून बाहेर येईल. तेव्हा आपल्या जागेची पावसाची तीव्रता हवामान खात्याच्या नोंदीवरून काढा आणि स्वतः गुणाकार करा. एका चौरस मीटरवर तासाला एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, त्याला ३६०० ने भागलं की सेकंदाचे लिटर, एवढं सोपं आहे. कॅटलॉगमध्ये "अमुक चौरस मीटरसाठी" असं छापलेलं असतं ना, त्याच्यामागे कुठला पाऊस धरलाय हे विक्रेत्याला विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर तो कॅटलॉग बाजूला ठेवा.

टाकी उगाच मोठी होते त्याचं एक कारण छताचं पाणी. छतावर तेल नसतं, ते स्वच्छ पाणी सेपरेटरमध्ये कशाला नेता? मी असा यार्ड बघितलाय जिथे भल्यामोठ्या शेडचं सगळं पाणी सेपरेटरमधून जात होतं, पाऊस आला की नुसता लोंढा. ते वेगळं काढलं असतं तर टाकी निम्म्याने लहान झाली असती आणि कामही चांगलं केलं असतं. तसंच उलटं, डिझेल भरायच्या जागेवर नुसतं छप्पर घातलं आणि भोवती बोटभर उंचवटा केला तर पाऊस आणि डिझेल एकत्र येणारच नाहीत, मग सेपरेटरला करायला फारसं काही उरत नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात चांगला सेपरेटर.

क्लासचं थोडक्यात. युरोपच्या ईएन ८५८ स्टँडर्डप्रमाणे, ज्याचा पहिला भाग २००२ चा आणि दुसरा २००३ चा आहे, क्लास एक म्हणजे चाचणीत बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल, क्लास दोन म्हणजे १०० मिलिग्रॅमपर्यंत. पाणी ओढ्यात, नदीत, जमिनीत जाणार असेल तर क्लास एकच. क्लास दोन तिथे, जिथे पाणी पुढे सांडपाण्याच्या लाईनला जातंय. क्लास एकमध्ये कोलेसिंग फिल्टर असतो, स्पंजासारखा किंवा पट्ट्यांचा, बारीक थेंब त्याला चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग वर येतात. पण ते ५ मिलिग्रॅम प्रयोगशाळेत आलेले आहेत, ठरलेल्या तेलावर, ठरलेल्या प्रवाहावर. गाळाने माखलेल्या फिल्टरमधून ते येणार नाहीत. आणि हे स्टँडर्ड खनिज तेलासाठी आहे, ०.९५ घनतेपर्यंतच्या. स्वयंपाकाचं तेल, चरबी, साबणाने फाटलेलं तेल, पाण्यात विरघळणारी केमिकल्स, यातलं काहीच त्यात येत नाही. किचनच्या लाईनला ऑइल सेपरेटर लावून कुणी निर्धास्त झोपत असेल तर त्याला जागं करा.

एवढंसं तेल गेलं तर काय होतं असं मला साइटवर खूपदा ऐकवतात. पाण्यावर जो इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो तो मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो. अर्धा मायक्रॉन धरा, तर एक लिटर तेल दोन हजार चौरस मीटर पाण्यावर पसरतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं तर जवळजवळ अर्धा एकर पाणी गुळगुळीत झालं, हे त्यांनी स्वतः लिहिलंय, १७७४ मध्ये रॉयल सोसायटीने छापलंय. ही गोष्ट मी लक्षात ठेवली कारण प्रत्येक वेळी जेव्हा कुणी "एवढंसंच" म्हणतो तेव्हा मला तो चमचा आठवतो.

आता निगा राखण्याबद्दल, आणि हा भाग तुम्ही माझा म्हणून सोडून देऊ नका कृपया, कारण निगा कितपत राखली जाईल ते तुमच्या ड्रॉइंगवरच ठरतं. फुल रिटेन्शनच्या टाकीत बाहेरच्या तोंडाशी एक फ्लोट असतो. तो असा बनवलेला की पाण्यात तरंगतो आणि तेलात बुडतो. तेलाचा थर वाढत वाढत खाली आला की फ्लोट बुडून तोंड बंद करतो, तेल आतच राहतं. फार सुंदर कल्पना आहे, वीज नाही काही नाही. पण टाकी उपसल्यावर जर स्वच्छ पाणी परत भरलं नाही तर रिकाम्या टाकीत फ्लोट तळाशी बसलेला असतो, तोंड बंद, मग पाऊस आला की पाणी तुंबतं, यार्डात घोटाभर पाणी होतं, आणि मग कुणीतरी झाकण उघडून उपाय करतो. मी एकदा असा फ्लोट तारेने वर बांधून ठेवलेला बघितला. जाड बांधायची तार, दोन पिळे घातलेले, गंजून लाल झालेली. किती वर्षं तशी होती कुणाला माहीत नाही. त्या माणसाचा मला राग आला नाही खरं सांगायचं तर, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो फ्लोट कशासाठी आहे, त्याला फक्त पाणी तुंबलेलं दिसत होतं आणि साहेब ओरडत होते.

फ्लोट नसलेल्या टाकीतही पाणी भरणं तेवढंच गरजेचं. बाहेरचा पाईप आत खाली वाकवलेला असतो म्हणजे तो खालचं पाणी घेतो आणि वरचं तेल सोडतो. टाकी रिकामी ठेवली तर पहिल्या पाण्याबरोबर आलेलं तेल पाण्याच्या अंगावर वर वर येताना त्या पाईपच्या तोंडातूनच आत शिरतं आणि थेट बाहेर. म्हणून टाकीजवळ पाण्याचा नळ पाहिजे. ड्रॉइंगवर एक नळ दाखवा, एवढंच सांगणं आहे. जिथे नळ दोनशे मीटर लांब असतो तिथे पाणी परत भरलं जात नाही, हे मी पैजेवर सांगतो.

भूजल वर असलेल्या जागी अजून एक भानगड. फायबरची टाकी रिकामी केली की ती होडीसारखी हलकी होते आणि खालून पाणी तिला वर ढकलतं. काँक्रीटमध्ये नीट बांधलेली नसेल तर ती जमिनीतून वर येते, पाईप तुटतात. आम्ही उपसत असताना झाकणाची कड आजूबाजूच्या फरशीपेक्षा चार बोटं वर आली तेव्हा गाडी बंद करून पळत नळ शोधायला गेलो होतो. विसरणार नाही मी ते.

अलार्म बसवा. तेल साठवायच्या जागेच्या ९० टक्के भरलं की वाजेल असा. आणि त्याचं पॅनेल अशा जागी लावा जिथे माणूस असतो. जनरेटर रूममध्ये कुलपाआड लावलेल्या अलार्मचा लाल दिवा मी स्वतः बघितलाय, नुसता पेटलेला, त्यावर धूळ. पण अलार्म आहे म्हणून बघायचं सोडायचं असं नाही, तो गाळ मोजत नाही. गाळासाठी एनएसच्या १०० पट लिटर जागा धरतात, ती भरली की पुढची सगळी टाकी लहान होते आणि फिल्टर चोंदतो. सहा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराने उघडून बघायचं आणि पाच वर्षांनी पूर्ण रिकामी करून गळती तपासायची, हे ईएन ८५८ च्या दुसऱ्या भागातच लिहिलंय. त्याची वही पाहिजे, तारीख, तेल किती बोटं, गाळ किती, फिल्टर काढला का, पाणी भरलं का, सही. आणि सेपरेटरच्या पुढे नमुना घ्यायचा चेंबर द्या, त्याशिवाय बाहेर काय जातंय ते कुणालाच कळत नाही, ना तुम्हाला ना आम्हाला.

झाकणाची जागा. हे वाचून हसू नका, पण अर्ध्या साइटवर आमचा पहिला तास झाकणावर उभी केलेली गाडी हलवण्यात जातो. पार्किंगच्या जागेत झाकण ठेवायचं नाही. सक्शन गाडी जवळ येऊ शकेल, तिचा पाईप सरळ आत उतरेल, फिल्टर वरूनच साखळीने ओढून काढता येईल अशी रचना घ्या. मी हे सोयीसाठी मागत नाहीये. अशा टाक्यांत पेट्रोलची वाफ असते, सडलेल्या गाळातून निघणारा विषारी वायू असतो, ऑक्सिजन कमी असतो. ज्या टाकीचा फिल्टर आत उतरल्याशिवाय निघत नाही त्या टाकीत आज ना उद्या कुणीतरी उतरणार, दोरीशिवाय, गॅस न तपासता, कारण काम उरकायचंय. तुम्ही कॅटलॉगमध्ये दोन मॉडेल बघत असाल, एकाचा फिल्टर वरून निघतो आणि दुसऱ्याचा नाही, तर दुसरं कितीही स्वस्त असू दे, ते घेऊ नका. या एका बाबतीत मी विनंती करत नाहीये, मागणी करतोय.

सगळीकडे सेपरेटर पाहिजेच असंही मी म्हणत नाही, म्हणजे माझं काम कमी होईल पण जे खरं ते खरं. लहान पार्किंग असेल, त्या पीपीजी ३ मध्ये साधारण ८०० चौरस मीटर किंवा ५० गाड्यांच्या वरच सेपरेटरची गोष्ट सुरू होते, तर पाणी झिरपणारी फरशी, गवताची उथळ चर, खडीची चारी यांनी काम छान होतं. थोडं थोडं आलेलं तेल माती धरून ठेवते आणि त्यातले जीवाणू ते हळूहळू खातात. ज्या टाकीचं झाकण पुढे कधीच कुणी उघडणार नाही तिच्यापेक्षा उघड्यावर दिसणारी गवताची चर मला चालेल. तिथे तेल साचलं तर येणाऱ्या जाणाऱ्याला दिसतं तरी. टाकीचं काय होतं, जमिनीत काहीतरी बसवलंय एवढ्यावर सगळे निश्चिंत होतात आणि मग वर लक्ष देणंच बंद होतं, पिंपाखाली ट्रे ठेवत नाहीत, सांडलेल्यावर भुसा टाकून गोळा करायच्या ऐवजी पाण्याचा पाईप मारतात, "खाली सेपरेटर आहे ना" म्हणून.

तर माझं मागणं असं आहे. मंजुरीच्या ड्रॉइंगवर सेपरेटरच्या चौकोनाशेजारी तीन गोष्टी लिहायला लावा. कुठल्या कुठल्या जागेचं पाणी यात येतं आणि कुठलं येत नाही. एकदम जास्तीत जास्त किती लिटर सांडू शकतं आणि ते आत मावतं का. आणि सहा महिन्यांनी झाकण कोण उघडणार, त्या माणसाचं पद. तिसरी ओळ भरता येत नसेल तर ते ड्रॉइंग परत पाठवा.

आणि काम संपल्याच्या कागदावर सही करायच्या आधी एकदा साइटवर या. आम्ही झाकण काढून ठेवतो. टाकी स्वच्छ पाण्याने भरताना वरून वाकून बघा, पाणी एका उंचीला आलं की फ्लोट आधी थोडा हलतो, मग टाळा सुटल्यासारखा वर येतो आणि बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की मग सही करा.

आपला,
सक्शन गाडीवरचा एक माणूस